आठवडाभर दवाखाना, सुट्टीत फौज : ब्रिटनमधले राखीव डॉक्टर

नववीच्या वर्गात रेड क्रॉसचा विषय निघाला आणि एका मुलीने विचारले, "सर, फौजेतला डॉक्टर गोळी चालवतो का?" आम्हाला लगेच नीट सांगता आले नाही. घरी येऊन वाचायला बसलो, आणि वाचता वाचता ब्रिटनच्या राखीव सेनेतल्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत पोहोचलो. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आपल्या मुलखातून गेलेले डॉक्टर भरपूर आहेत, म्हणून हा विषय तसा परका नाही.

आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी १९४९ पासून आहे. धोनीच्या मानद लेफ्टनंट कर्नल पदामुळे तिचे नाव पोरांनाही माहीत झाले. ब्रिटनमध्येही हेच नाव होते, २०१४ मध्ये ते बदलून आर्मी रिझर्व्ह केले. तिथला डॉक्टर आठवडाभर आपल्या दवाखान्यात बसतो आणि वर्षाचे ठरावीक दिवस फौजेला देतो. काही तुकड्यांना १९, काहींना २७. त्यात साधारण दोन आठवड्यांचा कॅम्प असतो. हजेरीच्या दिवसांचा पगार मिळतो, आणि ट्रेनिंग पूर्ण केले तर वर्षाअखेरीस वेगळी रक्कमही.

फौजेला सर्जन लागतो हे कळते, पण खोकला-तापवाला डॉक्टर कशाला? क्रिमियाच्या लढाईत ब्रिटिश सैनिक गोळीपेक्षा रोगानेच कितीतरी जास्त मेले. आजही कॅम्पमध्ये रोज येतात ते जुलाब, पायाचे फोड, कंबरदुखी, झोप न येणे. हे तर फॅमिली डॉक्टरचेच काम. २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोला पसरला तेव्हा ब्रिटिश फौजेची वैद्यकीय पथके तिकडे गेली, त्यात राखीव दलाचेही लोक होते. तिथे गोळीचा संबंधच नव्हता.

खरी अडचण वेगळीच आहे. दवाखान्यात डॉक्टरचा मालक एकच, पेशंट. फौजेत समोर सैनिक आणि मागे कमांडर. सैनिक हळूच सांगतो, रात्री घाबरून उठतो, कोणाला सांगू नका. कमांडरला मात्र उद्या माणूस हवा असतो. नियम असा की आजार काय हे सहसा कमांडरला सांगायचे नाही. मोहिमेवर पाठवता येईल, मर्यादित कामावर येईल की अजिबात नाही, एवढेच सांगायचे. कागदावर हे सोपे दिसते. पण छोट्या तुकडीत सगळे एकत्र जेवतात, एकमेकांचे चेहरे वाचतात. तिथे ही अमानत सांभाळणे म्हणजे तारेवरची कसरतच.

शत्रूचा जखमी आला तर? १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे आधी कोणाला बघायचे हे फक्त जखमेची निकड ठरवते, वर्दीचा रंग नाही. क्रॉस असो वा लाल चंद्रकोर, दोन्ही खुणांना सारखेच संरक्षण. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर : हो, डॉक्टर हत्यार बाळगू शकतो, पण स्वतःच्या आणि आपल्या पेशंटच्या बचावापुरतेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले तर तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग तो गेल्यावर त्याच्या पेशंटांना कोण बघतं?"

मोहिमेचा हुकूम आला की डॉक्टर कित्येक महिने दवाखान्यात नसतो. परत आल्यावर नोकरी मिळावी म्हणून १९८५ चा कायदा आहे, बदली डॉक्टरच्या जादा खर्चाला सरकारकडून मदतही मागता येते. पण बदली डॉक्टर मिळायला तर हवा. दवाखान्यात भागीदार असतील तर त्यांच्यावर दुप्पट भार. आणि पंधरा वर्षे एकाच डॉक्टरकडे येणारी शुगरची म्हातारी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसते. तिला कोणी विचारलेले नसते की तुमचे डॉक्टरसाहेब फौजेत गेले तर चालेल का.