कादंबरीकाराचे छायाचित्र आणि दप्तर

दीपनगर येथील एका तरुण लेखकमित्राने आपल्या कादंबरीचे हस्तलिखित आम्हांस वाचावयास दिले. विषय आपल्याच खानदेशातील. दि. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आले होते. लळिंग येथील लांडोर बंगल्याशी ही स्मृती निगडित असून दरवर्षी त्या तारखेस तेथे अनुयायी जमतात. त्या दिवसाच्या वर्णनात नायकाच्या घरी भिंतीवर तथागतांची तसबीर आणि मुखी त्रिशरण होते.

प्रसंग हृद्य, परंतु कालविसंगत. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, तर धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे हीच वस्तुतः या नायकाची कथा होय. जुना धर्म सोडण्याचा निर्धार झाला आहे, नवा अद्याप स्वीकारलेला नाही. अशा घरातील भिंत कशी होती, हे कादंबरीकाराने शोधावयाचे असते. असा एक दोष सापडला की आपली सारी साक्षच खोटी ठरविण्यास विरोधक मोकळे होतात.

आधार म्हणून मित्राने आजोबांचे छायाचित्र दाखविले. त्यात तसबीर होती खरी. मागे '१९३७' असेही लिहिलेले होते, पण ते नातवाच्या हातचे, बॉलपेनने! असा आकडा ही कुटुंबाची आठवण असते. पोशाख, स्टुडिओचा शिक्का, कागदाची जात यांवरून काळ ठरवावा आणि तो समकालीन मजकुराशी ताडून पाहावा. १९३० साली सुरू झालेले आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झालेले 'जनता' पत्र त्यासाठी अवश्य चाळावे. चौकटीबाहेर कोण राहिले, हेही विचारावे. स्त्रिया बहुधा तेथेच असतात.

दप्तराचा प्रश्न अधिक बिकट आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जतन करीत आले आहे. परंतु कोठल्याही जुन्या दप्तरात आपला माणूस भेटतो तो प्रायः वेठ, वतन वा तंटा यांच्या निमित्ताने, दुसऱ्याच्या लेखणीतून. घरी जो धोंडिबा, तो तेथे धोंड्या. कादंबरीत कोणते नाव घ्यावे? आमच्या मते दोन्ही घ्यावीत: कारकुनाच्या तोंडी धोंड्या, पत्नीच्या बोलण्यात 'आमचे घरचे', आणि निवेदनात धोंडिबा. मित्रास हे पूर्णतः पटलेले नाही. निवेदनातही दप्तरातलेच नाव हवे, वाचकास ते टोचले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. तसबीर मात्र त्याने काढली आहे.