बंदूक घरात, किल्ली कुणाकडे?

भात पसवू लागले, की रत्नागिरी जिल्ह्यात रानडुकरांचे कळप एका रात्रीत शेत लोळवतात. बागायतीत वानर-माकडांचा उपद्रव तर वर्षभर असतो. त्यामुळे इथल्या अनेक घरांत शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक आढळते. निवडणूक लागली की ती बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हाच पीक उभे असेल तर शेतकरी हात चोळत बसतो. या अटीतून सूट मिळावी, ही मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा होते आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र जमा करण्यातील सवलत वेगळी आणि बंदूक घरात ठेवण्यातील ढिलाई वेगळी. ही दुसरी गोष्ट थेट आरोग्याशी जोडलेली आहे.

‘छर्ऱ्यांचीच तर बंदूक’ हा समज घातक आहे. लांबून झाडल्यास छर्रे पांगतात, त्यांचा जोर ओसरतो. दोन-तीन मीटरवरून मात्र ते एकगठ्ठा शरीरात घुसतात. स्नायू व रक्तवाहिन्या फाटतात, हाडांचा चुरा होतो, कपड्यांच्या चिंध्याही जखमेत जातात. म्हणजे शेतातल्या अंतरापेक्षा पडवी-माजघरातले अंतर अधिक जीवघेणे. सगळे छर्रे काढता येतातच असे नाही आणि सांध्यात राहिलेले शिसे पुढे हळूहळू रक्तात उतरू शकते.

ठासणीच्या बंदुकीचा धोका आणखी निराळा. दारू आणि छर्रे एकदा ठासले की ती सहज रिकामी करता येत नाही, म्हणून भरलेलीच खुंटीला टांगली जाते. लहान मुलाला ती भरलेली की रिकामी, हे कळत नाही.

दुसरा धोका मनाच्या अवस्थेचा. जीव देण्याचा तीव्र विचार पुष्कळदा थोडाच काळ टिकतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल, तर माणूस वाचू शकतो. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये सैनिकांना आठवडी सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली. त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. बदलली होती ती फक्त बंदुकीची जागा.

आपल्याकडे 2019 च्या कायदा दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी विचारपूस लांबली, तशी घरच्यांची जबाबदारी वाढली.

करायचे ते सोपे आहे. घरात शिरण्यापूर्वी बंदूक रिकामी करावी. बंदूक एका कुलपात, काडतुसे किंवा दारू दुसऱ्या कुलपात ठेवावी. किल्ल्या परवानाधारकाकडेच असाव्यात. घरात कुणी खचलेले असेल किंवा दारूच्या आहारी गेले असेल, तर बंदूक परवानगी घेऊन काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी. मन मोकळे करण्यासाठी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक अहोरात्र सुरू असतो.

अपघात झालाच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी, छर्रे उकरू नयेत, खायला-प्यायला देऊ नये आणि 108 ला फोन करावा. पोलीस केस होईल या भीतीने वेळ दवडू नये. आधी उपचार, मग कागदपत्रे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा स्पष्ट निकाल आहे.

पिकाच्या रक्षणासाठी नियम सैल करायचे तर त्यावर जरूर चर्चा व्हावी. घरातले कुलूप मात्र त्या चर्चेत सैल होता कामा नये.