पर्स्पेक्टिव्ह शिकताय? आधी डोळा कुठंय ते ठरवा

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून. विषय आहे चित्रातलं पर्स्पेक्टिव्ह. मराठी पुस्तकांत याला यथार्थदर्शन म्हणतात. मी काही चित्रकार नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री स्केचबुक उघडतो. त्यामुळं मी जिथं अडकलो तिथूनच सांगतो.

बुटकी माणसं

मी नांदेडचा. नववीत इंटरमिजिएटला बसलो होतो. कला संचालनालयाची ही ग्रेड परीक्षा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिली असेल, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. स्मरणचित्राच्या सरावात मी आठवडी बाजार काढला. रस्ता पुढं निमुळता केला, लांबची माणसं लहान केली. पण सगळ्यांचे पाय एकाच ओळीत ठेवले. लांबचा माणूस लांब वाटायच्या ऐवजी शेजारी उभा असलेला बुटका माणूस वाटत होता. सर म्हणाले, "रस्ता जमला, पण ही माणसं उभी कुठं आहेत?" त्याचं उत्तर मला बरीच वर्षं सापडलं नाही.

क्षितिजरेषा म्हणजे तुमचा डोळा

नांदेड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एका टोकाला उभं राहा आणि लांब बघा. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, वरचं छत, सगळ्या रेषा एका ठिपक्याकडं धावतात. तो व्हॅनिशिंग पॉइंट. आता खाली वाका. ठिपकाही खाली येतो. जिना चढून पुलावर जा, तो तुमच्यासोबत वर येतो. कारण तो ज्या आडव्या रेषेवर असतो ती क्षितिजरेषा कायम तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते.

यातून माणसांचा नियम निघतो. सपाट जमिनीवर तुम्ही उभे आहात आणि समोरची माणसं साधारण तुमच्याच उंचीची आहेत, तर जवळच्या आणि लांबच्या, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात. बदलतात ते पाय. जवळच्याचे पाय कागदावर खाली, लांबच्याचे वर. माझ्या बाजारात नेमकं उलटं होतं.

लहान मूल असेल तर त्याचं डोकं रेषेच्या खाली. तुम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत असाल आणि तुमचा डोळा माणसाच्या दुप्पट उंचीवर असेल, तर पायापासून क्षितिजरेषेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्मा माणूस काढायचा. मग तो कितीही लांब असो.

किती लहान काढायचा? अंतर दुप्पट झालं की उंची निम्मी. 10 फुटांवरचा माणूस कागदावर 8 सेंटिमीटर असेल, तर 20 फुटांवरचा 4 आणि 40 फुटांवरचा 2. थ्रीडी गेममधला कॅमेराही आतून हेच करतो, प्रत्येक बिंदूला त्याच्या अंतरानं भागतो. मला हे कोडमध्ये आधी कळलं, कागदावर नंतर!

हा नियम आपल्या सवयीचा असला तरी तो पद्धतशीर मांडला गेला 15 व्या शतकात, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. ब्रुनेलेस्कीनं प्रयोग केले, अल्बर्टीनं 1435 मध्ये पुस्तकात लिहिलं. पण तोच एक खरा मार्ग आहे असं नाही. आपल्या अजिंठ्यात, 1 नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बघा. तो आजूबाजूच्या माणसांपेक्षा मोठा आहे, कारण तो महत्त्वाचा आहे. तिथं आकार अंतरावरून नाही, मानावरून ठरतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गंजगोलाईत ठिपके किती?

आता लातूरला चला. माझं आजोळ तिथलं. गंजगोलाईची मधली इमारत 1917 ची, आणि गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. सराफ, चपला, मिरची, गूळ, सगळं तिथं. पर्स्पेक्टिव्ह शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. गोलाईच्या कडेला उभं राहिलं की एका नजरेत दोन-तीन रस्ते दिसतात. प्रत्येकाची दिशा वेगळी, म्हणून प्रत्येकाचा व्हॅनिशिंग पॉइंट वेगळा. पण रस्ते सपाट असतील तर सगळे ठिपके एकाच क्षितिजरेषेवर.

आणि गोल? जमिनीवरून गोलाईचा गोल गोल दिसतच नाही. चपटा, ताणलेला दिसतो. जितके वर चढाल तितका तो उघडत जातो.

आईचं दुकान

गोलाईजवळ आजोबांचं गुळाचं दुकान होतं. ते विकलं गेलं, पुढं पाडलंही गेलं. आमच्याकडं त्याचा एकही फोटो नाही. मागच्या दिवाळीत मी ते आईला विचारून विचारून काढलं. ओटा, गादी, ढेपांची थप्पी, तराजू. मापं बरोबर, रेषा बरोबर. आईनं बराच वेळ बघितलं.

"काय काढायलास रे हे? आमचं दुकान असं नव्हतं. लई मोठं होतं."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, आई, तूच तर सांगितलंस बारा फुटी होतं म्हणून. ती गप्प बसली. रात्री लक्षात आलं, मी क्षितिजरेषा माझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरली होती, साधारण सव्वापाच फुटांवर. आई तिथं रोज जायची तेव्हा सात वर्षांची होती. मी रेषा साडेतीन फुटांवर आणली आणि सगळं पुन्हा काढलं. ओट्यावरची गादी वरून दिसेनाशी झाली, फक्त तिची कड उरली. ढेपांची थप्पी रेषेच्या खूप वर गेली. आजोबा ओट्यावर बसलेले, त्यामुळं गुडघे जवळ आणि मोठे, हनुवटी खालून दिसणारी, चेहरा वर.

दुकान बारा फुटीच राहिलं. एक इंचही वाढवलं नव्हतं.

आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "हं. अण्णा असेच बसायचे." मग तिनं तराजू डावीकडं होता म्हणून माझी चूक काढली. ती मी अजून दुरुस्त केलेली नाही.

अजिंठ्यात पद्मपाणी मोठा काढला, कारण तो मोठा मानायचा होता. इथं मला काहीच मोठं करावं लागलं नाही, फक्त आईच्या जागी जाऊन बसावं लागलं.

या आठवड्याचा गृहपाठ

फोन आहेच हातात. घराजवळच्या रस्त्याचे तीन फोटो काढा: उभं राहून, उकिडवं बसून आणि गच्चीवरून. फोन वर-खाली न झुकवता सरळ धरा, म्हणजे क्षितिजरेषा फोटोच्या बरोबर मध्ये येईल. झिरो पॉइंट फाइव्हची वाइड लेन्स नको, तिच्यात कडेची माणसं ताणली जातात. मग तिन्ही फोटोंवर बोटानं मधोमध आडवी रेष ओढा आणि बघा, ती माणसांना कुठं कापते. डोळ्यांत, कमरेत, की डोक्याच्या वरून?

एवढं झालं की कागद घ्या, आणि पहिली रेष ओढायच्या आधी ठरवा की हे कोण बघतंय. पुढच्या भागात सावल्या. भेटू!