पोर्ट : संगणकाची क्रमांकित दारे

संगणकशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना आज मोबाइल अ‍ॅप तयार करण्याची मोठी ओढ आहे. परंतु आरंभीच एक अडचण हमखास येते. संगणकावर सर्व्हर सुरू असतो, मोबाइल जोडलेला असतो, तरी अ‍ॅप ‘संपर्क होत नाही’ असेच सांगत राहते. हे शास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानून काही मुले येथेच थांबतात. वास्तविक अडचण बहुधा पोर्टच्या मांडणीत असते. ती पालकांनाही समजावी, म्हणून आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

वसतिगृहाचा पत्ता एकच असतो; पण पत्र योग्य मुलाच्या हाती पडावयाचे, तर खोलीचा क्रमांकही लागतो. संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खोलीचा क्रमांक. हे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. १०२३ पर्यंतचे क्रमांक प्रस्थापित सेवांसाठी राखलेले आहेत. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ वापरतात.

अँड्रॉइडचे अ‍ॅप घडविताना संगणक व मोबाइल यांना जोडणारे साधन म्हणजे एडीबी. त्याचा सर्व्हर संगणकावर ५०३७ या पोर्टवर असतो. संगणकातील आभासी मोबाइल, म्हणजे इम्युलेटर, सहसा ५५५४ व ५५५५ ही जोडी घेतो. दुसरा इम्युलेटर पुढची जोडी घेतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा मेट्रो सर्व्हर ८०८१ वर चालतो. तो क्रमांक आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने व्यापला असेल, तर तो प्रोग्रॅम बंद करावा किंवा नवा क्रमांक निवडून सर्व्हर व अ‍ॅप या दोन्ही ठिकाणी तोच द्यावा.

सर्वाधिक घोटाळा ‘लोकलहोस्ट’ या शब्दामुळे होतो. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. मोबाइलमधील अ‍ॅपने तो उच्चारला, की ते मोबाइलमध्येच सर्व्हर शोधू लागते. म्हणून इम्युलेटरमधून संगणक गाठण्यासाठी १०.०.२.२ हा पत्ता द्यावा. मोबाइल केबलने जोडला असल्यास ‘एडीबी रिव्हर्स’ या आज्ञेने मोबाइलचे ८०८१ पोर्ट संगणकाच्या ८०८१ शी जोडता येते. वायफायवर दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर हवीत, अ‍ॅपमध्ये संगणकाचा आयपी पत्ता हवा आणि सर्व्हर केवळ १२७.०.०.१ वर अडकलेला नसावा. एवढे करूनही संपर्क होत नसेल, तर फायरवॉलमध्ये तेवढ्याच पोर्टला, तेही खासगी नेटवर्कपुरती, परवानगी द्यावी. अडचण येताच संपूर्ण फायरवॉल बंद करणे हा उपाय नव्हे.

याला कारण आहे. २०१८ साली ५५५५ हे पोर्ट उघडे राहिलेल्या अँड्रॉइड उपकरणांत एका घातक प्रोग्रॅमने शिरकाव केला. मालकाच्या नकळत तो त्या उपकरणांची शक्ती आभासी चलन मिळविण्यासाठी वापरत होता. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरील जोडणीसाठी सांकेतिक क्रमांकाने जुळणी करण्याची सोय आहे. तीच वापरावी आणि काम संपताच मोबाइलमधील डीबगिंग बंद करावे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी एखाद्या सुट्टीत मुलांसमवेत बसून ही जोडणी प्रत्यक्ष करून दाखवावी. कोणते दार, कोणासाठी आणि किती वेळ उघडावयाचे, हे ज्याला उमगले, तो पहिल्याच अडचणीपाशी थांबणार नाही.