उल्मचा कोळीवाडा

जर्मनीच्या दक्षिण भागांत, डॅन्यूब नदीच्या डाव्या तीरावर, उल्म नांवाचें एक पुरातन शहर आहे. इ. स. ८५४ च्या एका राजपत्रांत त्याचा पहिला उल्लेख सांपडतो. बाहेरच्या जगाला हें शहर ठाऊक आहे तें बहुधा दोन कारणांनीं. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १८७९ सालीं येथें झाला, हें एक. आणि येथील मोठ्या चर्चचें शिखर, हें दुसरें. त्या चर्चची कोनशिला १३७७ सालीं बसली आणि शिखर पुरें झालें तें १८९० सालीं. १६१.५३ मीटर उंचीचें हें शिखर २०२५ पर्यंत जगांतील सर्व चर्चशिखरांत उंच गणलें जात होतें. येणारे प्रवासी मान वर करून तें पाहतात आणि पुढच्या गाडीनें निघून जातात. त्यांनीं मान खालीं करून नदीच्या दिशेनें थोडें उतरावयास हवें. चर्चपासून पांच-दहा मिनिटांच्या वाटेवर शहराचा जुना कोळीवाडा आहे, आणि उल्मच्या स्वभावाची खरी ओळख तेथेंच होते.

या वस्तींतून वाहते ती डॅन्यूब नव्हे, ब्लाउ. ब्लाउ म्हणजे निळी. उल्मच्या पश्चिमेस सुमारें वीस किलोमीटरवर ब्लाउबॉयरेन गांवीं चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याशीं एक खोल डोह आहे. जमिनीखालून झिरपलेलें पाणी तेथें वर येतें आणि त्याचीच ही नदी होते. ती लहान खरी, परंतु तिचा ओघ थांबत नाहीं. उल्ममध्यें शिरल्यावर तिचे दोन फांटे होतात, आणि घरांच्या भिंतींना घासत, लहान लहान पुलांखालून वळणें घेत ते डॅन्यूबला मिळतात. वाहत्या पाण्यावर ज्यांचें पोट अवलंबून अशा सर्व धंद्यांनीं मध्ययुगांत या दोन फांट्यांच्या कांठीं आपापल्या जागा धरल्या. पाणचक्कीवाले आले, कातडीं कमावणारे आले, मासे पकडणारे आले आणि नावा बांधणारे व चालविणारेहि आले. म्हणूनच या वस्तीला ‘कोळ्यांचा व चामडें कमावणारांचा वाडा’ असेंहि एक जुनें नांव आहे.

आज तेथें खिडक्याखिडक्यांतून फुलझाडांच्या कुंड्या दिसतात. त्या पाहून पूर्वींच्या स्थितीची कल्पना करूं गेल्यास मनुष्य हटकून फसेल. ओलीं कातडीं प्रथम चुन्याच्या पाण्यांत टाकावीं, त्यांवरचे केंस व मांस खरवडून काढावें, मग ओकच्या सालीच्या काढ्यांत तीं महिनोन्‌महिने मुरत ठेवावीं, आणि प्रत्येक क्रियेनंतर नदींत धुवावीं, असा तो धंदा. पाणी घाण होई, हवा त्याहून घाण होई. अशा धंद्याला श्रीमंत वस्तीजवळ कोण थारा देणार? शहराच्या सखल, दमट, पुराच्या तोंडाशीं असलेल्या कोपऱ्यांतच तो बसला. या घरांच्या वरच्या मजल्यांना मोठे झरोके आणि मोकळे माळे दिसतात ते शोभेसाठीं ठेवलेले नव्हेत. कातडीं वाऱ्यावर वाळावीं म्हणून ठेवलेले आहेत.

घरें लांकडी सांगाड्याचीं. ओकचे जाड खांब व तिरप्या तुळया एकमेकांत खांचा पाडून बसवावयाच्या, आणि मधल्या चौकटी कुडाच्या भिंतींनीं भरून काढावयाच्या, ही तिकडील जुनी पद्धति. अशा घराचा एक मोठा गुण असा कीं, पाया खचला तरी तें एकदम कोसळत नाहीं. सांगाडाच्या सांगाडा हळूहळू कलतो. याचें नामी उदाहरण म्हणजे ब्लाउच्या कांठचें ‘वांकडें घर’. त्याच्या आजच्या रूपाचा काळ १४४३ हा धरतात. घराची एक बाजू तीरावरच्या घट्ट जमिनीवर उभी आहे, दुसरी पाण्यांत रोंवलेल्या खुंटांवर. नदीचा तळ मऊ. त्यामुळें पाण्याकडची बाजू शतकानुशतकें थोडथोडी खालीं बसत गेली आणि सबंध घर नदीवर ओणवें झालें. आज तेथें एक लहानसें हॉटेल आहे. जमिनी उतरत्या, दारांच्या चौकटी तिरप्या. खाटा मात्र पाणसळ लावून समपातळींत बसविल्या आहेत, नाहींतर पाहुणा रात्रींत एका भिंतीशीं गोळा व्हायचा!

कलण्याची ही खोड या परिसरांत एकट्या त्या घराला नाहीं. १४८० च्या सुमारास डॅन्यूबच्या पात्रालगत शहराचा तट उभारला गेला; त्या तटाला लागून खाटिकांचा बुरूज म्हणून एक जुनें द्वार आहे. तेंहि शिरोभागीं दोन मीटरांहून अधिक झुकलेलें आहे. कारण तेंच, पायाखालची दलदल. पण उल्मच्या लोकांना एवढ्या साध्या कारणानें समाधान नाहीं. ते सांगतात कीं, गिऱ्हाइकांना फसविणारे कांहीं लठ्ठ खाटीक एकदां या बुरुजांत कोंडले होते. संतापलेला नगराध्यक्ष आंत शिरतांच ते सारे भीतीनें एकाच कोपऱ्यांत दाटले आणि त्यांच्या भारानें बुरूज कलला.

परंतु या वस्तीचें नांव दूरवर गेलें तें कातड्यांमुळें नव्हे व माशांमुळेंहि नव्हे, तर येथील नावाड्यांमुळें. उल्मच्या किंचित्‌ वरच्या अंगास इलर नदी डॅन्यूबला मिळते. या संगमाच्या वर डॅन्यूब उथळ आहे. खालीं मात्र तिच्यांत भारी नावा चालण्याइतकें पाणी असतें. शिवाय इलरवरून दक्षिणेकडील जंगलांतलें लांकूड तराफ्यांनीं वाहत येई. लांकूड दाराशीं, खोल पाणी दाराशीं, आणि शहरांतल्या विणकरांचें कापड बाहेर जाण्यासाठीं तयार. तागाच्या ताण्यांत कापसाचा बाणा घालून विणलेल्या उल्मच्या जाड कापडाला सर्व युरोपांत मागणी होती; तो कापूस आल्प्स पर्वत ओलांडून व्हेनिसहून येई. या व्यापारानें शहर इतकें गबर झालें कीं ‘उल्मचा पैसा’ हा शब्द म्हणींत जाऊन बसला.

येथील नावेला आज ‘उल्मर शाख्टेल’, म्हणजे उल्मची पेटी, म्हणतात. हें नांव मुळांत थट्टेचें. बांधणारे तिला ‘त्सिले’ म्हणत. थट्टा मात्र अगदींच निराधार नव्हती. तळ सपाट, कणा नाहीं, बाजू उभ्या फळ्यांच्या, मध्यें एक लांकडी झोंपडी, आणि बाहेरून शहराच्या काळ्या-पांढऱ्या रंगाचे पट्टे. लांबी वीस मीटरांहून अधिक असे. फळ्यांच्या फटींत शेवाळ ठांसून त्या बुजवीत. शिडें नाहींत, पुढें-मागें लांबलचक वल्हीं. त्यांचा उपयोग नाव पुढें नेण्याकडे नव्हता, ती प्रवाहांत नीट राखण्याकडे होता. पुढें नेण्याचें काम नदीच करी. व्हिएन्ना येथून सुमारें साडेसहाशें किलोमीटर. पाणी व हवा अनुकूल असल्यास आठ-दहा दिवसांत नाव तेथें पोंचे. १७१२ सालापासून उल्महून व्हिएन्नाला ठराविक वारीं सुटणारी नाव सुरू झाली. तिच्यांतून कापड जाई, दारूचीं पिंपें जात, उतारू जात. आणि पिंपें भरभरून गोगलगाईहि जात, कारण उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असले तरी त्या चालत.

या नावेसंबंधीं सर्वांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ती परत येत नसे. ओघाविरुद्ध घोडे लावून ती ओढीत आणण्याचा खर्च नावेच्या किंमतीहून जास्त. म्हणून मुक्कामाला पोंचल्यावर नाव मोडीत काढून तिचें लांकूड विकीत, आणि नावाडी खुष्कीच्या मार्गानें घरीं परत येत. पुढच्या फेरीसाठीं नवी नाव तयार होतच असे. या हिशेबावर कोळीवाड्यांतील सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या काम पुरलें.

नावाडी परत येत. उतारूंपैकीं हजारों मात्र कधींच परत आले नाहींत. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅब्सबर्ग सम्राटांनीं तुर्कांना हंगेरींतून मागें हटविलें. लढायांनीं उजाड झालेल्या त्या मुलुखांत वस्ती करण्यासाठीं त्यांना शेतकरी हवे होते. इकडे दक्षिण जर्मनींत वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे झालेले, त्यांत युद्धें आणि दुष्काळ. जमीन मिळेल, कांहीं वर्षें सारा माफ राहील, अशा आश्वासनांवर कुटुंबेंच्या कुटुंबें अठराव्या शतकांत घरदार विकून उल्मला येऊं लागलीं. तटाखालच्या धक्क्यावर त्यांच्या पेट्या, बाजा, लेकरें आणि म्हातारीं माणसें नावांत चढत. तीं प्रथम व्हिएन्नाला व तेथून पुढें हंगेरींत, बानाटच्या दलदलींत जात. तेथें हिंवतापानें अनेकांचे बळी घेतले. त्यांच्या वंशजांतील एका जुन्या म्हणीचा आशय असा कीं, पहिल्या पिढीच्या वांट्याला मरण आलें, दुसरीच्या वांट्याला ददात, आणि भाकरी दिसली ती तिसरीला. ज्या नावेंतून हीं माणसें गेलीं तिला उलट वाट ठाऊक नव्हती, आणि बहुतेक त्यांनाहि नव्हती. कोळीवाड्यांतील एका जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर बेलग्रेड शहराचें चित्र रंगविलेलें आहे. या गल्लींतल्या माणसांना तें दूरचें नगर शेजारच्या गांवाइतकें परिचयाचें होतें, एवढें त्यावरून कळतें.

एकोणिसाव्या शतकानें या सर्व व्यवहाराला उतरती कळा लावली. उल्म हें शतकानुशतकें स्वतंत्र नगरराज्य होतें. १८०२ सालीं तें बव्हेरियाकडे गेलें, १८१० सालीं व्युर्टेंबर्गकडे. आणि त्याच वेळीं डॅन्यूबचा प्रवाह ही दोन राज्यांची सरहद्द ठरली. समोरचा तीर परका झाला. तेथें पुढें नॉय-उल्म हें निराळें शहर वाढलें, आणि तें आजहि बव्हेरियांत मोडतें. १८५० सालीं आगगाडी उल्मला पोंचली. मग आठ दिवस नदीवर डुलत जाण्याची हौस कोणास असणार? व्हिएन्नाची ठराविक नाव १८९७ सालीं शेवटची सुटली.

दरम्यान १८११ सालीं येथील नावाड्यांच्या हातून एक निराळेंच काम घडलें. आल्ब्रेख्ट लुडविग बेर्ब्लिंगर नांवाच्या शिंप्यानें पंख तयार केले होते, आणि डॅन्यूबवरून उडून पलीकडे जाण्याचा त्याचा निश्चय होता. ३० मे रोजीं राजासमक्ष ठरलेलें उड्डाण पंख मोडल्यामुळें राहिलें; दुसऱ्या दिवशीं अपार गर्दीसमोर तो तटाच्या बुरुजावरून निघाला आणि सरळ नदींत पडला. कोळ्यांनीं त्याला होडींत ओढून घेतलें. जीव वांचला, अब्रू गेली. १८२९ सालीं तो दारिद्र्यांत मेला. पुढें १९८६ सालीं झालेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, पंखांची रचना चुकीची नव्हती. थंड पाण्यावरची हवा खालीं ओढते, आणि त्या जागेवरून पलीकडचा तीर गांठणें आजच्या साधनांनींहि फार कठीण आहे. ज्या गांवानें त्याला हंसून मारलें तेंच आज त्याचें नांव अभिमानानें सांगतें.

१७ डिसेंबर १९४४ रोजीं, नाताळच्या आधींच्या एका रविवारीं, ब्रिटिश विमानांनीं उल्मवर बाँब टाकले. जुन्या शहराचा सुमारें ८१ टक्के भाग नष्ट झाला, ७०७ माणसें मेलीं. मोठें चर्च उभें राहिलें, आणि कोळीवाड्याचाहि कांहीं भाग बचावला. आज जुनें उल्म म्हणून जें दाखवितां येतें त्यांतलें पुष्कळसें या सखल कोपऱ्यांतलेंच आहे. ज्या वस्तीकडे प्रतिष्ठित लोक नाक मुरडीत, तिनेंच शहराची जुनी मुद्रा राखून ठेवली! १९७० नंतर येथील घरांची डागडुजी झाली. कातडीं वाळत होतीं त्या माळ्यांत आतां चित्रें विकतात, आणि चक्क्यांच्या जागीं भोजनगृहें आलीं आहेत. घरें वांचलीं, धंदे गेले. आणि मूळच्या कोळ्याला आज येथलें भाडें परवडलें असतें असें वाटत नाहीं.

त्याच महायुद्धाच्या शेवटीं नदीवरून गेलेल्यांची कहाणीहि उलट फिरली. १९४४ पासून पुढील चार वर्षांत हंगेरी, युगोस्लाव्हिया व रुमानिया या देशांतून जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांपैकीं पुष्कळ पळून आले किंवा हांकलले गेले. दोनशें वर्षांनंतर खापरपणतवंडें निर्वासित होऊन पणजोबांच्या प्रांतांत परतलीं, आणि तींहि रिकाम्या हातांनीं. त्यांच्या पूर्वजांचें स्मारक उल्मच्या तटापाशीं आहे. आणि २००० सालीं डॅन्यूबकांठच्या एका जुन्या लष्करी बुरुजांत त्यांच्या इतिहासाचें संग्रहालय उघडलें.

कोळीवाड्याच्या वरच्या अंगास एक मोकळा चौक आहे. पूर्वीं तेथें राजवाडा होता. आतां तेथें ‘शपथगृह’ उभें आहे. १३९७ सालच्या सनदेनें कारागिरांच्या संघांना नगरसभेंत बहुमत मिळालें, आणि गरीब-श्रीमंत सर्वांशीं सारख्या प्रामाणिकपणानें वागेन अशी शपथ नगराध्यक्षानें दरवर्षीं घ्यावी, असें ठरलें. सम्राट पांचव्या चार्ल्सनें १५४८ सालीं संघांची सत्ता मोडली. शपथ मात्र लोकांच्या मनांत राहिली. आजहि जुलैच्या शेवटून दुसऱ्या सोमवारीं नगराध्यक्ष शपथगृहाच्या सज्जांत उभा राहून वर्षाचा जमाखर्च लोकांपुढें मांडतो आणि चर्चची घंटा वाजत असतां ती शपथ घेतो. दुपारीं सारें गांव होड्या, तराफे, फुगविलेल्या गाद्या, जें तरंगेल तें घेऊन डॅन्यूबमधून खालीं वाहत जातें.

दर चार वर्षांनीं याच सुमारास कोळ्यांचें भालायुद्धहि होतें. तें भरविण्याचें काम नावाड्यांच्या मंडळाकडे आहे. दोन अरुंद होड्या वल्हेकरी समोरासमोर वेगानें आणतात. प्रत्येकीच्या टोंकावर एक गडी बोथट भाला रोंखून उभा असतो, कोणी शेतकरी व शेतकरीण बनलेला, कोणी विदूषक, कोणी तो उडणारा शिंपी. होड्या एकमेकींच्या अंगावरून जातात तेवढ्या क्षणांत भाला छातीवर बसतो, आणि दोघांपैकीं एक, कधीं कधीं दोघेहि, पाण्यांत जातात. पडलेल्याला वर घ्यावयास दुसरी होडी जवळच तयार असते.