पलटण तीन गुणांनी हरली, पण शेवटच्या चढाईत नाही

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं लिहून देतोय. विषय जरा दुखरा आहे. 31 ऑक्टोबर 2025, दिल्लीचं त्यागराज स्टेडियम, प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल. दबंग दिल्ली 31, पुणेरी पलटण 28.

शेवटी शेवटी फझल अत्राचलीने आदित्य शिंदेला पकडलं आणि खेळ संपला. आमच्या आकुर्डीच्या फ्लॅटवर त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "ती एक रेड निघाली असती तर!" मला हे वाक्य पटत नाही. का, ते आज सांगतो.

आधी स्कोअर नीट बघूया. हाफटाइमला दिल्ली 20, पुणे 14. म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये पुणे 14, दिल्ली 11. दुसरा हाफ आपण जिंकलो होतो! तूट सहाची होती, आपण ती तीनवर आणली. ज्या मिनिटांसाठी आपण पोरांना बोल लावतोय, त्याच मिनिटांत त्यांनी चांगला खेळ केला होता.

मग कबड्डीत सहा गुण भरून काढणं इतकं अवघड का? इथे नियमांचं गणित येतं.

एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. समजा शेवटची तीन मिनिटं उरलीत, म्हणजे 180 सेकंद. दोघांनीही पूर्ण वेळ घेतला तर सहा चढाया, प्रत्येकी तीन. आता पुढे असलेल्या टीमचा रेडर काय करतो? निदान रेषा ओलांडतो, इकडेतिकडे फिरतो आणि मोकळ्या हाताने परत येतो. गुण शून्य, पण घड्याळातली 30 सेकंदं गेली. असं सलग दोनदा चालतं. तिसरी चढाई 'डू ऑर डाय', तिथे गुण आणला नाही तर तो बाद. म्हणजे तीनपैकी दोन चढायांत त्याला फक्त वेळ खायचाय, तेही नियमात बसून.

मागे असलेल्या टीमला ही चैन नाही. त्यांच्या बचावाला रेडरची वाट बघत थांबता येत नाही, अंगावर जावंच लागतं. आणि घाईत केलेली पकड फसली की समोरच्याला फुकटचा गुण. त्यांचा रेडर गेला की समोरचा बचाव मागे सरकून उभा राहतो. सहा किंवा सात जण मैदानात असतील तर बोनस मिळतो, पण एका बोनसने तीनची तूट भरत नाही. म्हणून त्याला खोल आत शिरावं लागतं आणि तिथेच पकड बसते.

त्यात लोण, म्हणजे टीव्हीवर ज्याला ऑल आऊट म्हणतात, त्याचे दोन जादा गुण. तीन गुणांचा फरक म्हणजे जवळपास एक लोण आणि एक बोनस. दहाव्या मिनिटाला चुकलेल्या पकडीची किंमत अडतिसाव्या मिनिटाला मोजावी लागते, आणि मोजणारा माणूस वेगळाच असतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. लॉगमधली शेवटची एरर सगळ्यांना दिसते, बिघाड मात्र शंभर ओळी वर झालेला असतो.

आदित्यचे आकडे बघा. त्या फायनलमध्ये त्याचे 10 गुण. त्याआधी तेलुगू टायटन्सला आपण 50-45 हरवलं, त्यात त्याचे 22. तो नसता तर आपण फायनलला पोचलो असतो का?

बाकी गोष्टीही होत्या. लीगमध्ये पुणे आणि दिल्ली दोघांचे 18 पैकी 13 विजय, दोघांचे 26 गुण. त्यात पुणे वर होतं. पहिल्या क्वालिफायरमध्ये 34-34 अशी बरोबरी, निकाल टायब्रेकरवर, तोही दिल्लीकडे. फायनल त्यांच्या घरी. आणि या सीझनमध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली इथेच सामने होते, बालेवाडीत एकही नाही. आकुर्डीहून बाईकवर जाऊन ओरडायची आपली सोयच नव्हती.

आणि पलटणच्या तिन्ही फायनल आठवा. डिसेंबर 2022, मुंबईत जयपूरकडून 33-29 ने हार. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दुखापतीमुळे बाहेर, आणि तेव्हा हाच फझल आपल्याकडून खेळत होता! मार्च 2024, हैदराबादला हरियाणाविरुद्ध 28-25, आपण चॅम्पियन. आणि आता 28-31. फरक चार, तीन, तीन. 2024 ला तीन गुणांनी जिंकलो तेव्हा शेवटची रेड कोणाची होती, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवतंय? जिंकल्यावर श्रेय सगळ्या टीमचं आणि हरल्यावर दोष एका पोराचा, हा हिशोब मला जमत नाही.

म्हणून एक काम करा. त्या फायनलचा फक्त पहिला हाफ पुन्हा बघा आणि तुमच्या मते मॅच कुठल्या मिनिटाला हातातून गेली, ते कमेंटमध्ये लिहा. एकच अट आहे, शेवटची चढाई सोडून. भेटू पुढच्या एपिसोडला!