नैवेद्य कुणाच्या पोटी?

लेखांक सहावा

आषाढात बोनालू सणाच्या रविवारी सिकंदराबादच्या उज्जैनी महांकाळी देवळाबाहेर पहाटेपासून रांग लागते. बायकांच्या डोक्यावर बोनम असतं. म्हणजे दूध-गूळ घालून शिजवलेल्या भाताचं भांडं, त्यावर हळदीकुंकवाचे पट्टे, कडेने कडुलिंबाचे डहाळे आणि वर पेटता दिवा. पुढे अंगाला हळद फासलेला पोतराजू चाबूक घेऊन नाचतो. तो आपल्या मरीआईच्या पोतराजाचा सख्खा भाऊच शोभतो. मरीआईसारखंच या देवीचंही पटकीशी नातं आहे. १८१३ मध्ये लष्करात डोली वाहणाऱ्या सुरिटी अप्पय्यांची बदली उज्जैनला झाली, तेव्हा इकडे साथीने माणसं मरत होती. साथ हटली तर तुझी मूर्ती आमच्याकडे बसवीन, असा नवस त्यांनी महाकाळीला केला आणि १८१५ मध्ये लाकडी मूर्ती बसवून तो फेडला, असं परंपरा सांगते.

त्या भाताचं पुढे काय होतं? देवीपुढे तिचा वाटा ठेवायचा, उरलेलं घरी नेऊन प्रसाद म्हणून खायचं. आषाढात देवी माहेरी येते अशी समजूत आहे. त्यामुळे घरोघरच्या लेकीही येतात आणि मटणाचं जेवण होतं.

सिकंदराबादच्याच महात्मा गांधी रस्त्यावरच्या पारशी अग्यारीत मात्र नैवेद्य कुणाच्याच ताटात येत नाही. ही अग्यारी १८४७ ची. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या निजामाच्या सावकार बंधूंनी ती बांधली. इथे सुखड, म्हणजे चंदनाचं लाकूड, अग्नीला वाहतात. दिवसाच्या पाच प्रहरांत मोबेद, म्हणजे पारशी धर्मगुरू, तो अग्नी जागता ठेवतात. बिगरपारशाला दर्शनही नाही, मग प्रसाद दूरच.

इथल्याच, १८५० मध्ये पूर्ण झालेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये देण्याघेण्याची दिशाच उलटी होते. तिथे देवच भक्तांना अन्न होऊन मिळतो. वेदीवरची बिनआंबवलेली, गव्हाची पातळ चकती धर्मगुरूच्या प्रार्थनेनंतर प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर होते, ही कॅथलिकांची श्रद्धा आहे. दिसायला आणि चवीला ती चकतीच राहते. मिस्साला कुणीही बसावं, पण ती घेण्याचा अधिकार साधारणपणे बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकालाच असतो.

बकरी ईदच्या कुर्बानीत हिशेब आणखी रोखठोक. मांस वा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती निष्ठा, असं कुराणच सांगतं. म्हणून रिवाजाने वाटे तीन: घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा.

आणि गुरुद्वाऱ्यात? नांदेडला हुजूर साहिबच्या पंगतीत बसलेल्याला हे सांगायला नको. जात, धर्म न विचारता सगळे एका ओळीत जमिनीवर.

‘सगळे धर्म शेवटी एकच’ हे वाक्य सभेत खपतं, पंगतीत खपत नाही. देवाला काहीतरी द्यावं याबाबत धर्मांचं बरंच जुळतं. खरा फरक ताट कुणापुढे मांडायचं यात आहे, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही.

बोनालूला जाणार असाल तर सोमवारही हाताशी ठेवा. त्या दिवशी कच्च्या मडक्यावर उभी राहून एक स्त्री वर्षाचं भाकीत सांगते. त्याला ‘रंगम’ म्हणतात. आपल्याकडची भाकणूक आणि हा रंगम यांविषयी पुढच्या आठवड्यात.